बेत

गावात आमचं आडनाव कुणी घेत नसे. ‘शिंप्याचं घर’ एवढंच म्हणत. टपालवाल्यालाही तेवढं पुरत असे. माणदेशातलं, म्हसवडच्या अलीकडचं दीड-दोनशे उंबऱ्यांचं आमचं गाव. मेंढरं, कुसळं, बाजरी आणि पावसाची वाट बघणं, एवढंच तिथं पिकायचं. अशा गावात एक शिंप्याचं घर तीन पिढ्या तगलं, कारण माणूस उपाशी राहील, पण उघडा राहत नाही, असं आमची आजी म्हणायची.

पणजोबा हातानं शिवत. आजोबांनी पंढरपुरातून एक जुनं सिंगरचं मशीन आणलं. बैलगाडीत कडबा अंथरून त्यावर मशीन ठेवलं होतं आणि आजोबा ते लेकरासारखं धरून बसले होते, हे आजीनं आम्हाला इतक्या वेळा सांगितलंय, की मला ते स्वतः पाहिल्यासारखं वाटतं. मशीन ओसरीवर उजेडाच्या बाजूला मांडलं. पुढं वडील, म्हणजे आमचे अण्णा, त्याच मशीनवर बसले.

शिलाई रोखीनं फार थोडी मिळायची. बरीचशी खळ्यावर धान्यानं. पायली-दोन पायली जोंधळा, बाजरी, कधी मठ, हुलगा. त्या बदल्यात वर्षभर त्या घरचं जे असेल ते शिवायचं. म्हाताऱ्यांच्या कोपऱ्या आणि बंड्या, गड्यांच्या पैरणी, तीन बटणी सदरे, पोरांच्या चड्ड्या, तान्ह्यांची झबली-टोपडी आणि कुंच्या, प्रवासाला निघणाऱ्याची पडशी. बेंदूर आला की बैलांच्या झुली. आषाढी जवळ आली की गावच्या दिंडीची पताका. पताकेची शिलाई घ्यायची नाही, हा घरचा नेम. आम्ही नामदेव शिंपी. ज्या संतानं गज, कातरी, सुई-दोरा हे धंद्याचे शब्द भक्तीत नेले आणि ज्याची पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहिबातही आहेत, तो आमचा पूर्वज, अशी घरात सगळ्यांची ठाम समजूत. त्यामुळं विठोबाच्या वाटेवर पैसा मागायचा नाही.

सगळ्यात अवघड काम खणाच्या चोळीचं. खण यायचा गुळेदगुड्डचा, कर्नाटकातून. एका खणात एकच चोळी बसते. दोन्ही काठ नेमक्या जागी आले पाहिजेत, दोन्ही बाह्यांना सारखे दिसले पाहिजेत. कातरी अर्धा बोट इकडची तिकडं झाली, की दुसरा खण कुठून आणणार? बाई वर्षाला एखादा खण घेणार, तोही लग्नाकार्यात ओटीत आलेला. अण्णा खण पुढ्यात आला की आधी बराच वेळ नुसते बघत बसायचे. मी विचारलं, की म्हणायचे, “बेततोय. कातरी मागनं चालते, बेत आधी चालतो.”

बेत हा शब्द आमच्या घरात दिवसातून दहादा यायचा. कापड मांडून, माप धरून, कुठून बाही काढायची, कुठून पाठ, कुठून कळी, गळपट्टीला काय उरेल, हे मनात बसवणं म्हणजे बेतणं. चांगला शिंपी शिवण्यावरून नाही, बेतण्यावरून ओळखायचा. शिवण उसवता येते. कापलेलं कापड जोडता येत नाही.

आजीचं खातं निराळं. तिनं मशीनला कधी पाय लावला नाही. काजं-बटणं, हातशिलाई आणि वाकळा हे तिचं काम. शहरात जिला गोधडी म्हणतात ती आमच्याकडं वाकळ. जुनी लुगडी स्वच्छ धुऊन, उन्हात कडक वाळवून, थरावर थर घालायचे. अंगणात सारवलेल्या जागेवर ते अंथरायचे, चारी कोपऱ्यांना दगड ठेवायचे आणि कडेकडेनं धावदोरा घालत आत आत यायचं. शेजारच्या दोघी-तिघी मदतीला बसायच्या. सगळ्यांचा टाका सारखा येत नाही. सकाळी आजी वाकळेवरून हात फिरवायची आणि कुठला कोपरा कुणाचा हे डोळे मिटून सांगायची.

चिंध्यांचा मात्र तिचा कडक कायदा होता. गिऱ्हाइकाच्या कापडातून उरलेली प्रत्येक चिंधी त्याच्या शिवलेल्या कपड्यात गुंडाळून परत द्यायची. चार बोटांची असली तरी. वाकळेला ठिगळ लागलं, तर ते आमच्याच फाटक्या कपड्यांतून काढायचं. आमच्या पोरासोरांच्या अंगावर कधी गिऱ्हाइकाच्या कापडाची पट्टी दिसली नाही.

यामागं एक दुखणं होतं. आपल्याकडं एक म्हण आहे: ‘सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा.’ सोनार सोनं खातो, कुलकर्णी कागदात मारतो आणि शिंपी कापड चोरतो, असा तिचा अर्थ. गावात चेष्टेचेष्टेत कुणीही ती म्हणायचं. अण्णा हसून सोडून द्यायचे. आजी हसत नसे. नवी नवरी म्हणून ती या घरात आली, तेव्हा पाणवठ्यावर कुणीतरी तिला ही म्हण ऐकवली होती. ती सांगायची, “घागर भरून घेतली, तिथं काय बी बोलले न्हाय. घरी येऊन ह्यास्नी म्हनलं, आजपासनं चिंधी घरात ऱ्हायली तर मी ऱ्हाणार न्हाय.” तेव्हापासूनचा तो कायदा.

1972 चा दुष्काळ आला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आधीची सालंही ओढीची गेली होती. खळीच झाली नाहीत, तर शिलाई कुठून येणार? त्या दिवाळीला गावात एक सदरा शिवून झाला नाही. मशीनवर आजीनं फडकं टाकलं. अण्णा आणि आई दुष्काळी कामावर जाऊ लागले. खडी फोडायची, रस्त्यावर टाकायची. आम्हा पोरांना सुकडी मिळायची आणि घरात मिलोच्या तांबड्या भाकरी. ती मिलो अमेरिकेतून येते, असं मास्तर सांगत.

अण्णांचे हात मला तेव्हाचे आठवतात. शिंप्याचा हात मऊ लागतो. कापडावरून फिरला, की धागा अडकता कामा नये. खडी फोडून त्यांच्या बोटांना भेगा पडल्या, तळवा खरवडीसारखा झाला. एकदा पाहुण्यांकडून लग्नाचा एक खण शिवायला आला. अण्णांनी तो हातात घेतला आणि रेशमाचा धागा त्यांच्या बोटाला अडकून निघून आला. त्यांनी खण तसाच घडी करून आजीकडं दिला आणि उठून बाहेर गेले. अण्णांना मी रडताना कधी पाहिलं नाही, पण त्या दिवशी ते रात्री उशिरापर्यंत घरी आले नाहीत. तो खण आईनं बेतला आणि आजीनं हातानं शिवला. दोघींनी मिळून तीन दिवस घेतले.

त्यानंतर आजीही कामावर जाऊ लागली. खडी फोडायला नव्हे. सुई-दोरा घेऊन ती बाभळीखाली बसायची. दगडावर बसून, पाट्या वाहून बायकांची लुगडी फाटायची. दुपारच्या सुट्टीत बायका आडोशाला यायच्या, आजी तिथंच अंगावरच्या लुगड्याला टाका घालून द्यायची. कुणी मूठभर मिलो द्यायचं, कुणी काहीच नाही. मला ती दोरा ओवायला सोबत न्यायची. त्या बाभळीखाली मी टाका शिकले. फाटलेलं कापड ओढून जोडायचं नाही, ते जिथं विरलंय त्याच्या पलीकडच्या चांगल्या धाग्यात सुई घालायची, तरच टाका धरतो.

दुष्काळ सरला, पण गावचं शिवण पहिल्यासारखं झालं नाही. टेरीकॉट आलं होतं. पोरं तालुक्याला जाऊन पाटलोणी शिवून घ्यायला लागली. अण्णांनी पाटलोण शिकून घेतली, चेन लावायला शिकले. तरी तरण्या पोरांना वाटायचं, गावचा शिंपी तो गावचाच. मग तयार कपडे बाजारात टांगलेले दिसायला लागले. माझं लग्न 1981 साली झालं, तेव्हा अण्णांकडं म्हाताऱ्यांच्या बंड्या आणि शाळेच्या खाकी चड्ड्या एवढंच उरलं होतं.

दुकानाचा विचार माझ्या डोक्यात घातला तात्यांनी. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. घरात दोघांपुरतं शिवण नव्हतं, म्हणून ते तरुणपणीच मुंबईला गेले आणि परळच्या एका गिरणीत फोल्डिंग खात्यात लागले. साच्यावर विणलेलं कापड धुऊन-रंगवून झालं, की शेवटी या खात्यात येतं. तिथं ते तपासायचं, दोष शोधायचे, मोजायचं, घड्या घालून तागे बांधायचे. वीस वर्षं तात्यांच्या डोळ्यांखालून रोज कापड गेलं होतं. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. माणदेशातल्या घराघरांत त्या वर्षी मुंबईची मनिऑर्डर यायची थांबली. तात्या वर्षभर गाळ्यात थांबले, मग वळकटी घेऊन गावी आले. गिरणीनं त्यांना परत घेतलं नाही.

मी माहेरी गेले, की तात्या माझ्याशी कापडाबद्दल बोलत. दुसरं बोलायला त्यांच्याकडं उरलं नव्हतं. माझ्या अंगावरच्या साडीचा पदर धरून म्हणायचे, “ताणा चांगला हाय, बाणा हलका टाकलाय. दोन धुण्यात लोळागोळा हुईल बघ.” आणि तसंच व्हायचं. त्यांनी मला उजेडासमोर कापड धरून बघायला शिकवलं. नखानं धागा सरकतो का ते पाहायचं, सरकला तर शिवण तिथं फाटणार. ओल्या रुमालानं घासून रंग पाहायचा. काठाचा एक धागा काढून पेटवायचा. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची राख होते. टेरिलीनचा धागा वितळून त्याचा टणक मणी होतो. नव्या कापडाची खळ धुऊन जाते, म्हणून कडक दिसणारं मांजरपाट चुरगाळून बघायचं. नुसती खळ असेल तर हाताला पीठ लागतं.

तोवर मी घरी बायकांचे ब्लाउज शिवत होते. कोपऱ्यावरच्या दुकानातून बायका कापड आणायच्या आणि माझ्याकडं यायच्या. कुणाचा पन्ना कमी, कुणाचा रंग जाणारा, कुणाला पाऊण मीटरच्या जागी सव्वा मीटर गळ्यात मारलेलं. बाई वारात मागते, दुकानदार मीटरात मोजतो. वार 36 इंचांचा, मीटर 39 इंचांहून थोडा जास्त. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर हे तिला माहीत नसतं. या फरकात कोण काय करतो ते कळत नाही. शिवाय कापडाच्या दुकानात पुरुष बसलेले. अस्तराचं, परकराचं, अंगाच्या मापाचं बाईनं तिथं काय बोलायचं? नवऱ्याला पाठवायचं आणि तो आणेल ते अंगाला लावायचं.

मला वाटलं, एका हाताला आजी आणि अण्णांचं बेतणं आहे, दुसऱ्या हाताला तात्यांची पारख. आपण कापडच का विकू नये?

माझे यजमान एसटीत कंडक्टर, दहिवडी आगारात. ते म्हणाले, “कर. तिकीट फाडतोस तसं कापड फाड म्हणतील मला लोक, म्हणू देत.” एका बँकेत कर्ज मागायला गेले. साहेबानं माझा कागद पाहिला आणि यजमानांकडं बघून विचारलं, “दुकान चालवणार कोण?” मी म्हणाले, मी. त्यांनी कागद परत दिला. शेवटी यजमानांच्या पतपेढीतून 8,000 रुपये काढले. तात्या माझ्याबरोबर विटा-सांगलीमार्गे इचलकरंजीला आले. तिथल्या यंत्रमागांचा खडखडाट ऐकून ते स्टँडवरच थांबले, डोळे मिटून उभे राहिले. इचलकरंजीत 1904 पासून यंत्रमाग चालतात. आख्ख्या गल्ल्या कापडाच्या. तात्यांनी तीन व्यापाऱ्यांचे तागे उलगडले, दोष दाखवले आणि चौथ्याकडचा माल घेतला. तो व्यापारी तात्यांना म्हणाला, “तुम्ही गिरणीतले का?” आणि अर्धा माल महिन्याच्या उधारीवर दिला.

विरोध झाला तो अण्णांचा. मला वाटलं होतं ते खूश होतील. ते म्हणाले, “जो शिवतो त्यानं विकू नये, आन् जो विकतो त्यानं शिवू नये. दोन्ही एका हातात आलं, की चिंधी कुणाची ते कळत न्हाय. तुझ्या आजीनं जन्मभर जे निस्तरलं, ते तू पुन्हा दारात आणतीस.” आजी तीन वर्षांपूर्वी वारली होती. तिचं नाव काढल्यावर मला बोलता येईना. ते एवढ्यावर थांबले नाहीत. दुकान उघडलं तर पायरी चढणार नाही, म्हणाले.

मी चार दिवस विचार केला. अण्णांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी कापडही विकणार आणि ब्लाउजही शिवणार, म्हणजे किती कापड लागेल हे सांगणारी मीच आणि मोजून घेणारीही मीच. मग मी ठरवलं, की शिवण बंद. दुकानात मशीन ठेवायचं नाही. गावातल्या शिवणाऱ्या बायकांची नावं भिंतीवर लिहायची, गिऱ्हाइकानं हवं तिथं जावं. आणि कापड किती लागेल ते मी बेतून सांगायचं. शिवणारणीनं जास्त मागितलं, तर तिनं माझ्याकडं यावं. रोजचे चार पैसे देणारं हातातलं काम सोडणं सोपं नव्हतं. घरात तंगी होती. पण 1987 च्या दिवाळीच्या पाडव्याला दुकान उघडलं ते असं, बिनमशीनचं.

पहिले सहा महिने गिऱ्हाईक बघून जायचं. बाई गल्ल्यावर बसलीय हे पाहून पुरुष पुढं सरकायचे. बायका मात्र थांबायला लागल्या. मागच्या बाजूला मी एक चटई टाकली होती. तिथं बसून त्या मोकळेपणानं बोलायच्या. मी अंगावर कापड धरून दाखवायची. 36 इंची पन्ह्यात पूर्ण बाहीच्या सदऱ्याला सव्वादोन मीटर, 58 इंचीत एक मीटर साठ सेंटिमीटर. ब्लाउजला ऐंशी सेंटिमीटर, अंगानं भरलेल्या बाईला मीटर. चौकडा असेल तर रेघा जुळवायला पावभर जास्त. सुती असेल तर शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवा, आटायचं ते आधीच आटू द्या. हे सगळं मी प्रत्येकीला सांगायची. शेजारचा दुकानदार हसायचा. गिऱ्हाइकाला कमी घ्यायला सांगणारं दुकान त्यानं बघितलं नव्हतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात पहिला मोठा बस्ता आला. आमच्या भागात लग्नाचा बस्ता म्हणजे दोन्ही घरची वीस-पंचवीस माणसं, दिवसभर बैठक, चहावर चहा आणि मानपानाचा हिशोब. नवरीचा बाप ऊसतोडीला जाणारा. मुकादमाकडून उचल घेऊन आलेला. वरपक्षाच्या बायका एकेक भारी साडी पुढं ओढत होत्या आणि तो नुसता मान हलवत होता. उचलीचा पैसा म्हणजे पुढच्या हंगामातला त्याच्या बायकोचा आणि त्याचा घाम, हे मला दिसत होतं. विकणाऱ्यानं अशा वेळी गप्प बसायचं असतं. मी वरमाईला म्हणाले, “मावशी, ह्या जरीला दोन वर्षांत काळं येतंय. ही घेऊ नका. त्याच पैशात नवरीला एक चांगली इरकल आन् दोन वापरायच्या घ्या. पोरगी तुमच्याच घरात नेसणार हाय.” साडीचा काठ उलटा करून मी तिला दाखवला. तिनं माझ्याकडं बघितलं, काठ पुन्हा नखानं खरवडला आणि भारी साडी बाजूला केली. बस्ता ठरलेल्या पैशात बसला.

हा सगळा वेळ अण्णा बाहेर समोरच्या हॉटेलच्या बाकड्यावर बसले होते. ते बाजाराला आले होते आणि पायरी न चढता दुकान बघत होते. तात्यांनी त्यांना काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. माणसं गेल्यावर अण्णा आले, पायरी चढले आणि सांडलेले तागे गुंडाळायला लागले. गुंडाळता गुंडाळता म्हणाले, “पाव्हण्याचा सदरा दोन मीटरात बसला असता. बारीक हाय अंगानं.” मी म्हणाले, “अण्णा, बाही लांब आहे त्यांची.” त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “व्हय. मग सव्वादोन.” दुकानाविषयी एवढंच बोलले.

त्यानंतर दर बाजारादिवशी ते यायचे. गल्ल्याला हात लावायचे नाहीत. कोपऱ्यात बसायचे. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची म्हातारी माणसं त्यांना ओळखायची. “अण्णा, बंडीला किती लागंल?” अण्णा माणसाकडं एकदा बघायचे आणि आकडा सांगायचे. टेप लावून बघितलं तरी बोटाचा फरक यायचा नाही. डोळ्यात मोतीबिंदू वाढला तेव्हा ते खांद्यावर हात ठेवून माप सांगायला लागले. 2009 साली ते गेले. त्याआधीच्या बाजारातही ते दुकानात होते.

आता दुकान माझी सून बघते. ती शिंप्याच्या घरातली नाही, मेंढपाळाच्या घरातली आहे. घोंगडीची तिला जन्मजात पारख, सुताची तिनं शिकून घेतली. काळ अवघड आहे. तयार कपडा मोबाईलवर मागवला, की चार दिवसांत दारात येतो आणि शिलाईपेक्षा स्वस्त पडतो. भिंतीवरच्या शिवणारणींच्या यादीतली निम्मी नावं पुसली गेली. शाळेचे गणवेश, ब्लाउज पीस, अस्तर, परकर आणि लग्नाचे बस्ते यांवर दुकान चाललंय. 2020 साली टाळेबंदीत दुकानं बंद होती, तेव्हा आम्ही घरात पडलेलं मांजरपाट काढलं आणि यादीतल्या बायकांकडून मुखपट्ट्या शिवून गावोगाव दिल्या. चार बोटांच्या पट्ट्याही तेव्हा नाड्या म्हणून उपयोगी पडल्या. आजीच्या कायद्यातली चिंधी कशाला लागते, ते सुनेनं पहिल्यांदा पाहिलं.

मागच्या महिन्यात एक पोरगी आली होती. कॉलेजात जाणारी, पहिल्यांदाच स्वतःच्या पैशानं ड्रेस शिवणारी. तिला तिच्या मैत्रिणीनं पाच मीटर घे म्हणून सांगितलं होतं. सुनेनं तिला उभं केलं, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत नजर टाकली, काही वेळ गप्प राहिली. पोरगी चुळबुळ करायला लागली. “ताई, काय झालं?” सून म्हणाली, “काही नाही, बेततेय.” मग तिनं चार मीटर मोजलं, काठाला कातरीनं एक चीर दिली आणि दोन्ही हातांनी कापड सरळ फाडलं.